रायफल नेमकी कुठवर आली, एवढं सांगा

प्रति,
परदेशी मॅच (स्पर्धेच्या) रायफली भारतात आणणारे सर्व डीलर आणि त्यांचे प्रतिनिधी

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी सकाळचा सराव आटोपल्यावर माझी एक विद्यार्थिनी वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ग्रिप बदलून मागता येईल का?" मला वाटलं, क्लबच्या रायफलबद्दल बोलतेय. "नाही सर, माझ्या रायफलची," ती म्हणाली. तिची रायफल म्हणजे अजून न आलेली रायफल.

एकोणीस महिन्यांपूर्वी बुकिंग केलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ग्रिप म्हणजे ट्रिगरच्या हाताची पकड, ती स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येते. मी तिचा पंजा कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडेनं रेघ ओढली, पट्टीनं मोजलं आणि ऑर्डरच्या फॉर्मवर 'स्मॉल' लिहिलं. तो कागद तिनं वहीत जपून ठेवलाय. मंगळवारी तिनं तो माझ्या टेबलावर पसरला आणि त्यावर हात ठेवला. चारही बोटांची टोकं रेघेच्या बाहेर आली होती.

त्या कागदाकडे बघून मी हे पत्र लिहायला घेतलं. कोणा एका दुकानाचं नाव मी यात घेणार नाही. गेल्या पंधरा वर्षांत वेगवेगळ्या शहरांतल्या वेगवेगळ्या डीलरकडून मी हीच वाक्यं ऐकली आहेत, आणि स्पर्धांच्या ठिकाणी भेटणारे इतर प्रशिक्षकही हेच सांगतात. त्यामुळे हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

रायफल पॉइंट टू टूची (.२२ बोअरची), ५० मीटर थ्री पोझिशनसाठी, म्हणजे गुडघ्यावर बसून (नीलिंग), पोटावर झोपून (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग) मारायच्या प्रकारासाठी. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जर्मनीत न्यूरेंबर्गला शस्त्रांचं मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं, तिथे कंपन्या नवी मॉडेलं मांडतात आणि त्याच संध्याकाळी फोटो आपल्या मोबाइलवर येतात. या रायफलचेही आले. फोटोखाली तुमच्यातल्याच एकानं लिहिलं होतं, 'भारतात लवकरच. बुकिंग सुरू.' मी लगेच फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला तो डाव्या हाताच्या रायफलचा. "मिळेल ना सर, दिवाळीपर्यंत हातात देतो." दिवाळी गेली. मग मार्चअखेर म्हणाले, मग पावसाळ्याआधी नक्की. त्यानंतर तारीख सांगणंच थांबलं, 'माल वाटेवर आहे' एवढंच उत्तर यायला लागलं. आता दुसरी दिवाळी तोंडावर आली आहे. मुलीच्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून आगाऊ रक्कम भरली होती. त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जातो.

डाव्या हाताचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण फोनवर तो सांगून संपायच्या आत समोरून "हो हो, कळलं" येतं.

ही मुलगी डावखुरी आहे आणि तिचा डोळाही डावा चालतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या एखाद्या ठिपक्याकडे बोट करा, मग आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं पाहताना बोट ठिपक्यावरच राहतं, तो तुमचा मुख्य डोळा. तिचा डावा आहे. म्हणून बट (रायफलचं खांद्याला टेकणारं टोक) डाव्या खांद्याला, गाल डावा, ट्रिगरवर बोट डावं. क्लबची रायफल उजव्या हाताची. आम्ही चीक पीस (गाल टेकायचा भाग) फिरवून घेतला, बट प्लेट उलट बाजूला कलती केली, ग्रिपला लाकडाची भुकटी आणि चिकटपट्टी लावून आकार दिला. हे सगळं जमतं. बोल्ट (काडतूस भरायला दर गोळीला उघडून लावायचा दांडा) मात्र उजव्या बाजूलाच राहतो, त्याला काही करता येत नाही.

प्रोनमध्ये तिच्या शेजारी मॅटवर आडवं पडून एकदा पाहा. उजवा हात स्लिंगमध्ये (रायफलला जोडलेल्या पट्ट्यात) आवळलेला असतो, रायफलचा सगळा भार त्याच्यावर, तो हात हलवायचा नाही. म्हणजे बोल्ट उघडायला ट्रिगरवरचा डावा हातच काढावा लागतो आणि रायफलच्या वरून पलीकडे न्यावा लागतो. तसं करताना गाल चीक पीसवरून उठतो आणि खांद्यातली बट सैल पडते. काडतूस भरायचं, बोल्ट लावायचा, हात परत आणायचा, गाल पुन्हा त्याच जागी टेकायचा, श्वास पुन्हा लावायचा. उजव्या हाताचा मुलगा हेच सगळं गाल न उचलता करतो. तिला ते त्या एका पोझिशनमध्ये वीस वेळा करावं लागतं, आणि सायटर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) धरले तर त्याहून कितीतरी जास्त. ५० मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. गाल केसभर वेगळा टेकला की मागच्या साइटमधून दिसणारं चित्र बदलतं आणि दहाचा नऊ होतो.

वेळेचंही तसंच आहे. नीलिंग, प्रोन, स्टँडिंग मिळून ९० मिनिटं, पोझिशन बदलण्याचा वेळही त्यातच. शहाणा नेमबाज प्रोन झटपट उरकतो आणि वाचलेली मिनिटं स्टँडिंगला वापरतो, कारण शेवटी उभं राहून मारायच्या वीस गोळ्याच माणसाची परीक्षा पाहतात. ही मुलगी प्रोनमध्येच दमते. स्टँडिंगच्या शेवटच्या पाच गोळ्या ती घड्याळाकडे बघत मारते. मागे उभा राहून हे बघणं मला आता सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, मग उजव्या हातावर का नाही वळवलं? बारा वर्षांपूर्वी मी एका मुलाला वळवलं होतं. तोही असाच, डावखुरा आणि डाव्या डोळ्याचा. डाव्या हाताची रायफल तेव्हा कुठून आणणार होतो? मी त्याला उजव्या खांद्यावर आणलं, डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावली आणि सांगितलं की सवय होईल. दोन वर्षं त्यानं जीव तोडून सराव केला. गुण एका जागी अडकले ते अडकलेच. बारावीनंतर तो रेंजवर यायचा बंद झाला. त्याचा दोष माझा आहे, कोणा डीलरचा नाही. पण तेव्हापासून मी ठरवलंय की यापुढचं डावखुरं मूल वळवायचं नाही. या मुलीच्या वडिलांना मीच म्हणालो, "थांबू या, नवी रायफल येतेय." माझ्या शब्दावर त्यांनी कर्ज काढलं आणि तुमच्या शब्दावर मी तो शब्द दिला होता.

उशीर तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. या रायफलची वाट मी नीट समजून घेतली आहे. जर्मनीतल्या उल्म शहरात मॅच रायफली बनवणाऱ्या दोन नावाजलेल्या कंपन्या आहेत आणि सरकारी प्रूफ हाउसही तिथेच आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बॅरल आणि बोल्ट तपासतात, मगच शिक्का मारतात. उल्मच्या शिक्क्यात हरणाचं शिंग असतं. आमच्या क्लबच्या जुन्या रायफलवरही ते आहे, मुलांना मी भिंग देऊन दाखवतो. बॅरल तपासण्याचे हे नियम १९१४ साली स्थापन झालेल्या सीआयपी या आंतरराष्ट्रीय मंडळाचे आहेत, आणि त्यात घाई करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझी मुलं त्या बोल्टला गाल लावून झोपतात.

पुढे निर्यातीचा परवाना. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमावलीनुसार युरोपबाहेर बंदूक पाठवायची असेल तर घेणाऱ्या देशानं आयातीला परवानगी दिल्याची खात्री आधी करावी लागते. म्हणजे त्यांचा कागद आपल्या कागदासाठी थांबतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम. बंदुकांची आयात खुली नाही. खेळाडूला राष्ट्रीय संघटनेची शिफारस लागते, त्यावर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना, मग कस्टम, मग शस्त्र परवान्यावर नोंद. एकवीस वर्षांखालच्यांचे कागद आणखी वेगळे. यातल्या बऱ्याच कागदांना मुदत असते. एक येईपर्यंत दुसऱ्याची संपते आणि अर्ज पुन्हा करावा लागतो. मी स्वतः मुलांसाठी या रांगांमध्ये उभा राहिलोय. त्या टेबलांमागचे लोकही नियमानंच काम करतात, आणि बंदुकीच्या बाबतीत नियम कडक असलेच पाहिजेत.

तेव्हा रायफल लवकर आणा, अशी मागणी मी करत नाही. माझी मागणी एवढीच आहे की ती कुठवर आलीय ते खरं सांगा.

जुलैमध्ये मला राहवलं नाही. मी थेट त्या परदेशी कंपनीला ईमेल लिहिला, मोडक्यातोडक्या भाषेत. चार दिवसांत त्यांचं उत्तर आलं, चारच ओळींचं आणि अतिशय नम्र. या मॉडेलची उजव्या हाताची रायफल बाजारात गेली आहे. डाव्या हाताचं उत्पादन अजून सुरू झालेलं नाही. झालं की आधी आमच्या देशातल्या आणि शेजारच्या देशांतल्या ऑर्डरी पूर्ण करू. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

त्या ईमेलच्या आदल्याच आठवड्यात मला फोनवर सांगितलं होतं, 'माल वाटेवर आहे.' जी रायफल कारखान्यात बनायलाच लागली नव्हती, ती वाटेवर कशी असेल? सांगणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. कदाचित त्यालाही कोणी तसंच सांगितलं असेल, कदाचित गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून तो गोड बोलला असेल. पण त्या गोड बोलण्याची किंमत काय झाली ते सांगतो.

मे महिन्यात एका डावखुऱ्या नेमबाजानं खेळ सोडायचं ठरवलं. त्याच्याकडे जुन्या मॉडेलची पण उत्तम जपलेली डाव्या हाताची रायफल होती. आपल्या देशात अशा रायफली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही कधी विकायला निघत नाहीत. त्यानं मला आधी फोन केला, कारण या मुलीला त्यानं स्पर्धेत पाहिलं होतं. कागदपत्रं हस्तांतराची, आयातीची नाहीत, म्हणजे त्या मानानं सोपी. मी तुम्हाला फोन केला आणि विचारलं, नवी खरंच येतेय का, कारण इथे एक जुनी मिळतेय. "सर, कशाला जुन्यात अडकता, पावसाळ्याआधी नवी हातात असेल." मी त्या नेमबाजाला नाही म्हणालो. पंधरा दिवसांत ती रायफल दुसऱ्या राज्यात गेली.

तेव्हा 'डाव्या हाताचं उत्पादन सुरू झालेलं नाही' हे एक वाक्य मला कळलं असतं, तर ही मुलगी जूनपासून डाव्या बोल्टवर सराव करत असती. संपूर्ण मोसम.

आणि मोसम म्हणजे काय, तेही एकदा सांगून ठेवतो. रायफल पेटीतून काढली आणि स्पर्धेला नेली असं होत नाही. नवीन स्टॉक (बॅरल ज्यात बसतं तो रायफलचा सांगाडा) अंगाशी बसवायला आठवडे जातात. तिन्ही पोझिशनसाठी बट प्लेटची लांबी, उंची, कोन वेगळा. चीक पीस वेगळा. हँड स्टॉपची (पुढचा हात जिथे अडतो त्या तुकड्याची) जागा वेगळी. प्रत्येक आकडा वहीत लिहायचा, आठ दिवस मारून पाहायचं, मग एक मिलिमीटर बदलायचं. त्यानंतर काडतुसांचा लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला साठा. प्रत्येक बॅरलला ठरावीक लॉटच मानवतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये एक बॅरल एका लॉटच्या गोळ्या एकाच जागी मारतं आणि दुसऱ्याच्या पसरवतं. म्हणून बॅरल शिकंज्यात पकडून लॉट तपासतात. हवा तो लॉट सापडला की तो मोठ्या संख्येनं घेऊन ठेवायचा, कारण संपला की पुन्हा बनत नाही. काडतुसंही परदेशातूनच येतात, त्यांचे कागद पुन्हा वेगळे. रायफलच नाही तर लॉट कशावर तपासणार? रायफलला तीन महिने उशीर झाला की खेळाडूचे सात-आठ महिने जातात, आणि ज्युनिअर गटातल्या मुलांना वयाची मर्यादा असते. ते वर्ष परत येत नाही.

या खेळात आपल्या राज्यानं कमी दिलेलं नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, तेव्हा मी स्वतः नुकताच रायफल धरायला शिकत होतो. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच थ्री पोझिशनमध्ये ब्राँझपदक मिळवलं. पात्रता फेरीत त्याचे गुण होते ५९०. साठ गोळ्यांत सहाशेपैकी फक्त दहा गुण गेले. तरी तो सातव्या क्रमांकानं अंतिम फेरीत गेला. इतक्या बारीक फरकावर हा खेळ चालतो. त्या पदकानंतर आमच्या रेंजवर नवीन मुलं यायला लागली, त्यांत दोन डावखुरी आहेत. एक अकरा वर्षांचा मुलगा परवा मला विचारत होता, "सर, माझ्यासाठी रायफल आहे का?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमच्याशिवाय आमचं चालणार नाही, हेही मी मनापासून लिहितो. कंपन्यांचे दरवाजे तुम्हीच ठोठावता. अडीच लाखांचा माल कस्टमच्या गोदामात पडून राहिला तर पैसा तुमचाही अडकतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या एअर रायफलचं हवा धरून ठेवणारं सील स्पर्धेच्या आदल्या रात्री फुटलं, तेव्हा तुमच्यातल्याच एका गृहस्थांनी आपल्या दुकानातल्या डेमो रायफलचं सील काढून रात्री साडेअकराला बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलं होतं. मी ते विसरलेलो नाही. म्हणूनच तुमच्याकडून खरं ऐकायची अपेक्षा आहे.

तर मागणं असं आहे. तारीख सांगू नका. ती तुमच्या हातात नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. टप्पा सांगा. कंपनीकडे ऑर्डर नोंदली की नोंदल्याचा कागद दाखवा. उत्पादन सुरू झालं का, प्रूफ झालं का, निर्यात परवान्याचा अर्ज गेला का, आपल्याकडचा कागद कोणत्या कार्यालयात आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे दर महिन्याला एका ओळीत कळवा. काहीच हललं नसेल तर 'काही हललं नाही' असं कळवा. ते ऐकून आम्ही रागावणार नाही, दुसरी सोय बघू. जे मॉडेल डाव्या हातात निघालंच नाही, त्याचं डाव्या हाताचं बुकिंग घेऊ नका. घेतलं असेल तर आगाऊ रक्कम मागितल्याबरोबर पूर्ण परत द्या, कपात न करता, कारण ती रक्कम कोणाच्या तरी पतसंस्थेच्या कर्जाची असते. आणि शक्य झालं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून डाव्या हाताच्या दोन-तीन जुन्या रायफली क्लबांमार्फत फिरत्या ठेवता येतील का, याचा विचार करा. कायद्यात बसवून ते कसं करायचं, यासाठी आम्ही प्रशिक्षक तुमच्याबरोबर कार्यालयांचे उंबरठे झिजवायला तयार आहोत.

वाट पाहायला या मुलीची ना नाही. नीलिंगमध्ये टाचेखालच्या उशीवर अर्धा अर्धा तास बसून तिनं थांबायला शिकून घेतलंय. पण किती थांबायचं हे माहीत असलं तर माणूस श्वास त्या मापानं घेतो. आत्ता तिला ते मापच कोणी देत नाही.

मंगळवारी मी तिच्या हाताखाली नवा कोरा कागद ठेवला आणि पुन्हा पेन्सिल फिरवली. तिनं बोटं ताणली नाहीत, सैल ठेवली, ट्रिगरवर ठेवतात तशी. कागदाच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. त्याचा फोटो ज्यांच्याकडे आमचं बुकिंग आहे त्यांना या पत्राबरोबर पाठवतो आहे. ग्रिप मीडियम, डाव्या हाताची. ऑर्डर अजून कारखान्यात पोहोचली नसेल, तर निदान माप तरी बदलून घ्या, आणि पोहोचली नाही हे कळवा. शनिवारी सरावाला आल्यावर ती मला विचारणार आहे.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक